कागदावर चित्र बसवणारे सहा आकडे

प्रोग्राम लिहून पीडीएफ तयार करायला मी नुकतीच सुरुवात केली होती, तेव्हाची गोष्ट. ए-४ आकाराच्या प्रमाणपत्रावर एक बोधचिन्ह बसवायचं होतं: ५० मिमी रुंद, २५ मिमी उंच, वरून आणि डावीकडून २० मिमी जागा सोडून. पीडीएफ उघडली तर चिन्ह खालचं वर झालेलं, आणि त्याच्या तळाचा ५ मिमीचा पट्टा पानाच्या वरच्या कडेबाहेर गेलेला. चिन्हाची फाइल बिनचूक होती, ब्राउझरमध्ये ती सरळ दिसत होती. राहिलं होतं ते फक्त एक वजा चिन्ह. ते कुठून येतं हे शोधताना या विषयाची गोडी लागली, ती आजही कायम आहे.

आधी चित्राबद्दल. फोटो म्हणजे ठिपक्यांची जाळी. पूर्ण ए-४ पान दर इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने साठवायचं तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके लागतात. व्हेक्टर चित्रात ठिपके नसतातच. त्यात कृती लिहिलेली असते: इथून तिथवर रेघ ओढ, इथे वळण घे, आत निळा रंग भर. ठिपके कुठे पडायचे हे छपाईयंत्र अगदी शेवटी ठरवतं. म्हणून तेच चित्र बोटाच्या पेराएवढं छापा किंवा भिंतीएवढं, कडा तितकीच रेखीव राहते.

छापील पानासाठी ही कल्पना रुजवली ती पोस्टस्क्रिप्ट या भाषेने. जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये ॲडोबी कंपनी काढली आणि १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट बाजारात आली. १९९३ मध्ये त्यांच्याच कंपनीने पीडीएफ आणलं. त्यात पोस्टस्क्रिप्टमधल्या रेखाटनाच्या आज्ञा ठेवल्या, पण 'असं असेल तर' आणि 'इतक्या वेळा कर' हा प्रोग्रामिंगचा भाग काढून टाकला. एसव्हीजी, म्हणजे वेबसाठीची व्हेक्टर चित्रं लिहिण्याची भाषा, २००१ मध्ये प्रमाणित झाली. एसव्हीजी चित्र पीडीएफ पानात बसवायचं म्हणजे एका भाषेतली कृती दुसऱ्या भाषेत लिहायची. दोन्हींचं व्याकरण बरंच जुळतं, आलेख कागद मात्र जुळत नाही.

एसव्हीजीचा आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि वाय-अक्ष खाली वाढत जातो. पीडीएफचा आरंभबिंदू खालच्या डाव्या कोपऱ्यात, आणि वाय-अक्ष वर जातो, शाळेतल्या आलेखासारखा. एककही वेगळं: पीडीएफमध्ये पॉइंट, म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. ए-४ पान ५९५.२८ पॉइंट रुंद आणि ८४१.८९ पॉइंट उंच भरतं.

इथे कामाला येतात सहा आकडे. नवा एक्स काढायचा तर पहिला आकडा गुणिले जुना एक्स, अधिक तिसरा आकडा गुणिले जुना वाय, अधिक पाचवा आकडा. नव्या वायसाठी तसंच दुसरा, चौथा आणि सहावा आकडा वापरायचा. सरकवणं, लहानमोठं करणं, फिरवणं, तिरपं करणं, आरशातलं करणं, हे सगळं या सहा आकड्यांत मावतं. गणितात याला मॅट्रिक्स म्हणतात.

माझं बोधचिन्ह स्वतःच्या मापात २०० बाय १०० होतं. ५० मिमी म्हणजे १४१.७३ पॉइंट, त्याला २०० ने भागलं की ०.७०८७. डावीकडचे २० मिमी म्हणजे ५६.६९ पॉइंट. वरूनही तेवढेच सोडायचे, म्हणून ८४१.८९ मधून ५६.६९ वजा, उरले ७८५.२०. तेव्हा सहा आकडे असे: ०.७०८७, ०, ०, उणे ०.७०८७, ५६.६९, ७८५.२०. चिन्हाचा वरचा डावा कोपरा (०, ०) आता (५६.६९, ७८५.२०) वर जातो, आणि खालचा उजवा कोपरा (२००, १००) जातो (१९८.४३, ७१४.३३) वर. मी चौथ्या आकड्याचं उणे विसरलो होतो. त्यामुळे चिन्ह ७८५.२० पासून खाली उतरण्याऐवजी ७०.८७ पॉइंट वर चढलं आणि ८५६.०७ ला पोचलं. पान ८४१.८९ लाच संपतं. वरचे १४.१८ पॉइंट, म्हणजे बरोबर ५ मिमी, बाहेर गेले.

या सगळ्यात मला सर्वांत सुंदर वाटते ती वक्ररेषांची वागणूक. पॉल द कास्तेलजो सिट्रोएनमध्ये आणि पिएर बेझिए रेनॉमध्ये, दोघेही मोटारींच्या पत्र्याचे वळणदार आकार गणितात कसे मांडायचे या प्रश्नावर स्वतंत्रपणे काम करत होते. त्यातून जे वक्र आले त्यांना आज बेझिए वक्र म्हणतात. पीडीएफमधला प्रत्येक वक्र चार बिंदूंवर उभा असतो: दोन टोकं, आणि वळणाला आपल्याकडे ओढणारे मधले दोन. वक्रावर खरं तर असंख्य बिंदू आहेत, पण चित्र फिरवायचं असेल तर या चारांनाच फिरवलं की पुरतं. बाकीचा वक्र आपोआप, तंतोतंत जागेवर येतो. हे अंदाजे नाही, गणिताने सिद्ध होतं. म्हणूनच गुंतागुंतीचं चित्रही क्षणात फिरतं.

वर्तुळ मात्र या वक्रांत अचूक बसत नाही. चार वक्र जोडून ते जवळपास साधलं जातं: मधले बिंदू टोकापासून त्रिज्येच्या ०.५५२३ पट अंतरावर ठेवायचे. चूक त्रिज्येच्या सुमारे ०.०२७ टक्के राहते. १०० मिमी त्रिज्येच्या वर्तुळात ती ०.०२७ मिमी होते, म्हणजे कागदावर डोळ्यांना दिसणारच नाही.

क्रमाकडे मात्र लक्ष हवं. (१००, ०) हा बिंदू आधी ९० अंशांत फिरवून मग ५० ने उजवीकडे सरकवला तर तो (५०, १००) वर येतो. आधी सरकवून मग फिरवला तर (०, १५०) वर. फिरवल्यावर चित्र पानावरून गायब झालं, अशी तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते, कारण फिरणं आरंभबिंदूभोवती होतं, चित्राच्या मध्याभोवती नाही. आधी मध्य आरंभबिंदूवर आणायचा, मग फिरवायचं, मग जागेवर न्यायचं. पीडीएफमध्ये आणखी एक गोष्ट कळीची आहे. मॅट्रिक्सची आज्ञा दिली की पुढच्या सगळ्या आज्ञांसाठी आलेख कागदच बदलतो. म्हणून चित्राआधी 'क्यू' या आज्ञेने जुनी स्थिती जपून ठेवतात आणि चित्र संपल्यावर परत आणतात. ते राहून गेलं तर पुढचा मजकूरही उलटा आणि आखडलेला येतो.

रेघांची जाडीही या आकड्यांतून सुटत नाही. वर्तुळ फक्त आडवं दुप्पट ताणलं की त्याची रेघ डाव्या-उजव्या बाजूला दुप्पट जाड होते आणि वर-खाली होती तेवढीच राहते, जणू पेनाचं निबच लंबगोल झालं. रेघ सारखी हवी असेल तर वक्राचे बिंदू आपल्या प्रोग्राममध्येच गुणून घ्यावे आणि कागद ताणू नये. १ पॉइंटची रेघ दहा पटींनी लहान केली की ०.०३५ मिमी उरते. स्क्रीनवर ती ठीक दिसते, छपाईत विरून जाते.

एकच चिन्ह ५०० पानांवर हवं असेल तर ते ५०० वेळा लिहू नये. पीडीएफमध्ये चित्र एकदाच साठवून त्याला नाव देता येतं. मग प्रत्येक पानावर फक्त सहा आकडे आणि ते नाव. ४० केबीचं चिन्ह दरवेळी नव्याने लिहिलं तर २० एमबी होतात, असं केलं तर ४० केबी आणि वर थोडंसं. मोठी फाइल हाती आली की मी पहिल्यांदा हेच तपासतो.

एसव्हीजीतली धूसर सावली, म्हणजे फिल्टर, पीडीएफमध्ये जशीच्या तशी नेता येत नाही. ती ठिपक्यांत बदलावी लागते, आणि तिथे रेखीवपणा संपतो. काळा रंगही जपावा. स्क्रीनचा काळा छपाईसाठी बदलताना निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चारही शायांचा होऊ शकतो, आणि शाया केसभर सरकल्या तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा येते.

सगळ्यांत जास्त त्रास अक्षरांचा. देवनागरीत 'कि' मधली वेलांटी संगणक 'क' नंतर साठवतो, पण काढायची असते आधी. ही जुळणी न करणाऱ्या लायब्ररीतून, म्हणजे पीडीएफ बनवणाऱ्या तयार कोडच्या संचातून, चित्रातलं लेखन नेलं तर वेलांट्या चुकीच्या जागी पडतात आणि जोडाक्षरं सुटतात. अक्षरांचे आधीच वक्र करून टाकले तर आकार सुरक्षित राहतो, पण मग ते शब्द शोधता येत नाहीत आणि अंधांसाठीचं वाचक सॉफ्टवेअर ते वाचू शकत नाही. बोधचिन्हातल्या नावाचे मी वक्र करतो आणि ते नाव पर्यायी मजकूर म्हणून जोडतो. आलेखांच्या अक्षांवरचे शब्द आणि आकडे मात्र अक्षरं म्हणूनच ठेवतो, त्यासाठी जुळणी नीट करणारी दुसरी लायब्ररी शोधावी लागली तरी.