पितळी भातुकली : संच घेताना आणि घरी आणल्यावर

भातुके म्हणजे खाऊ. संतांच्या अभंगांत हा शब्द भेटतो आणि भातुकली त्याच कुळातली. खाऊ आला की तो शिजवायला, वाढायला, झाकून ठेवायला भांडी आलीच. म्हणूनच चांगल्या संचातला झारा गाळतो, तांब्याला धार येते, जाते दळते. आमचा संच ५ : १ या प्रमाणात, म्हणजे घरच्या भांड्याच्या एक पंचमांश उंचीचा आहे. त्याची निगा राखायची तीही घरच्या भांड्यांसारखीच.

वजन करून पाहा

उंची पाचपट कमी झाली की भांड्यात मावणारे पाणी १२५ पट कमी होते. ३० सें.मी. उंचीच्या हंड्यात १५ लिटर पाणी राहत असेल, तर ६ सें.मी.च्या हंड्यात १२० मिलि राहते. पत्रा मात्र पाचपट पातळ करून चालत नाही. मोठा हंडा २२ गेजच्या, म्हणजे ०.७ मि.मी. जाडीच्या पत्र्याचा असेल, तर छोट्याला हिशेबाने ०.१४ मि.मी. पत्रा लागेल आणि तो अंगठ्याने दाबताच चेपेल. आम्ही २६ गेज (०.४५ मि.मी.) वापरतो. त्यामुळे ६ सें.मी.चा हंडा ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि हातात थोडा जडच लागतो. बाजारात तेवढाच हंडा १५-२० ग्रॅमचा दिसला, तर तो पातळ पत्र्याचा आहे असे समजावे. शोकेससाठी ठीक, खेळायला नाही.

पितळ ठोकत गेले की कडक होते. तांबट मधूनमधून भांडे तापवून मऊ करून घेतात आणि मग पुढे ठोकतात. हा ताव चुकवला तर भांडे काठाशी तडकते, तेही बहुधा लगेच नाही, काही महिन्यांनी. घेताना काठावरून बोट फिरवा. केसासारखी रेघ लागली तर बदलून मागा. शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकसारखे ठोके देतात, ते मठारकाम. त्याची नक्षी सुंदर दिसते, पण मुख्य काम पत्र्याला ताठपणा देण्याचे. पुण्याच्या तांबट आळीची ही खासियत. साच्यात दाबलेल्या भांड्यावरही तसे ठिपके उठवता येतात. ते सगळे अगदी एका मापाचे दिसले की ओळखावे.

संचात काय असावे

चुलीकडचे : चूल, फुंकणी, तवा, तपेली, कढई, झारा, उलथने, पळी, सांडशी. पाण्याकडचे : घडवंची, हंडा, कळशी, घंगाळ, बंब. दळण-कांडणाचे जाते, पाटा-वरवंटा, खलबत्ता. शिवाय परात, रोवळी, पोळपाट-लाटणे, रवी, सोऱ्या, पुरणयंत्र आणि वाढायची ताटे-वाट्या. सगळे पितळेचे नसते, नसावेही. तवा आणि सांडशी लोखंडाची, रवी लाकडाची, जाते दगडाचे. पितळी जाते दिसायला छान, पण दळत नाही.

आजीचा संच माळ्यावर सापडला, तर तो साधारण कोणत्या काळचा हे त्यातल्या वस्तूच सांगतात. पंपाचा स्टोव्ह जगात आला १८९२ मध्ये, स्वीडनमधल्या प्रायमसपासून. प्रेशर कुकर भारतात १९५९ च्या सुमारास बनू लागला. त्यामुळे शिट्टीचा कुकर असलेला संच त्यानंतरचाच, निदान कुकर तरी नंतर येऊन बसलेला. जुन्या घरगुती वस्तू पाहून ताडायचे असेल तर पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठावे.

डाख

कान, तोटी, बूड कसे जोडले आहे ते पाहणे सगळ्यांत महत्त्वाचे. सांध्यात वितळवून भरलेला धातू म्हणजे डाख. जोडाची रेघ पिवळी असेल तर पितळी डाख, तो विस्तवाला दाद देत नाही. रेघ राखाडी-चंदेरी असेल तर कथलाचा डाख. शिसे मिसळलेला कथलाचा डाख १८३ अंशांपासून मऊ पडू लागतो. पाणी असेपर्यंत भांडे १०० अंशांपलीकडे फारसे जात नाही, पाणी आटले की कान गळून हातात येतो. जुन्या डाखात शिसे असण्याची शक्यता असते आणि ते नुसते पाहून कळत नाही. म्हणून राखाडी डाखाच्या भांड्यात खायचे काही करू नये, पाणीसुद्धा पिऊ नये. खेळायला आणि मांडायला ती उत्तम.

बंबात निखारे टाकू नका. मधली नळी, भोवती पाणी, खाली जाळी ही रचना खऱ्या बंबाचीच आहे, पण पाणी जेमतेम १५० मिलि. ते पाहता पाहता आटते आणि तोटीचा डाख सुटतो. वरून कोमट पाणी ओता, तोटीतून घ्या. मुलांना तेवढ्यात गंमत वाटते.

कल्हई आणि खरा भात

कल्हई नसलेल्या पितळेत ताक, चिंच, टोमॅटो, लिंबू ठेवले की पदार्थ कळकतो. आंबटाने तांबे-जस्त सुटून त्यात उतरते, मळमळते, उलट्या होतात. लहान भांड्यात हे जास्त जाणवते, कारण थोड्याशा पदार्थाला सगळीकडून धातू लागलेला असतो. आमच्या संचातली तपेली, कढई, वाट्या आणि ताटे शुद्ध कथलाची कल्हई करून देतो. भांडे तापवून, नवसागर टाकून, कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवतात आणि भांडे पाण्यात टाकतात. कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून रिकामे भांडे गॅसवर ठेवले की कल्हई थेंबाथेंबाने गोळा होते आणि मध्ये पिवळे उघडे पडते. तसे झाले, की पुन्हा कल्हई होईपर्यंत त्यात काही शिजवू नये. कल्हई असली तरी आंबट टाळाच.

६० मिलिच्या तपेलीत भात असा करा : २ लहान चमचे तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा, निथळा, ६ चमचे पाणी घाला. रोजच्या दुप्पट पाण्याच्या मापाने गेलात तर भात कच्चा राहील. एवढ्याशा भांड्यातून वाफ मानाने फार जाते. गॅसचा बर्नर याला मोठा पडतो, ज्योत बाजूने वर चढते. तारेच्या तिवईखाली एक जाड मेणपणती पुरे. झाकण ठेवा. दहा-बारा मिनिटांत उकळी, एकूण पंचवीसेक मिनिटांत भात. तेलाची पणती वापरली तर काजळी फार धरते. शेजारी मोठे माणूस हवेच. विस्तव नकोच असेल तर पोहे, गूळ, दाणे, डाळं आहेतच आणि मुलांना तेच जास्त आवडतात.

जाते

पहिल्या दोन-तीन चिमटी तांदूळ दळून टाकून द्या, दगडाची कच निघून जाते. मग डाळं घाला, एका वेळी ५-६ दाणे. मूठभर घातले की वरची तळी उचलली जाते, नुसती घसरते आणि भरड बाहेर पडते. दमट धान्य दगडावर टाकीने पाडलेल्या खाचांत बसून घट्ट होते. जाते पाण्याने धुवू नका. ब्रशने झटका, दोन दिवस उन्हात ठेवा.

घासणे आणि ठेवणे

बाहेरून चिंच आणि मीठ, दोन-तीन मिनिटे, लगेच स्वच्छ पाण्याने धुवून कोरड्या फडक्याने पुसणे. मीठ सांध्यात राहिले की तिथेच हिरवे डाग येतात. रात्रभर चिंचेत बुडवून ठेवलेले भांडे तांबूस होते. ती चकाकी नव्हे, वरच्या थरातले जस्त निघून गेलेले असते. कल्हईवर राख, तारेची घासणी चालत नाही. मऊ फडके आणि साबण. वाट्यांची चवड रबरबँडने बांधू नका, रबरातल्या गंधकाने काळी रेघ उमटते. सुती कापडात गुंडाळा.

तीन वर्षांखालच्या मुलांना संच देऊ नये. ३२ मि.मी. व्यासाच्या वर्तुळातून जी वस्तू आरपार जाते ती घशात अडकू शकते आणि यातले वरवंटा, झाकणे, फुलपात्र सगळे जाते. विळीला आम्ही धार देत नाही.

भांड्यांवर नाव घालून हवे असेल तर मागणी देतानाच सांगा. छिन्नीचे ठोके कल्हईच्या आधी बसावे लागतात, नंतर घातले की आतली कल्हई टवके होऊन सुटते. हंडा, परात आणि ताटांवर नाव नीट येते. वाटीवर दोन अक्षरांपेक्षा जास्त मागू नका.