गावात नवीन घर बांधायचंय? नकाशा काढायच्या आधी कोणते कागद लागतात, परवानगी कुठून घ्यायची आणि घरकुलात कोण बसतं

गावात घर बांधायचं ठरलं की पहिले मिस्त्री येतो, फक्की टाकतो आणि खोल्या मोजायला लागतो, कागदाचं मागून पाहू म्हणतात. माझं म्हणणं असं आहे की घराचा नकाशा आणि घराचे कागद हे एकच काम समजून चाला. प्लॉट कागदावर २५ फूट रुंद आणि जागेवर २८ फूट भरत असेल तर ते ३ फूट कोणाचे हा प्रश्न भिंत उभी राहिल्यावरच निघतो, आणि शेजाऱ्याकडे भावाभावात वाटणी झाली की हमखास निघतो.

सुरुवात ग्रामपंचायतीच्या नमुना ८ पासून करा. हा उतारा नीट वाचा, नुसता झेरॉक्स काढून फाईलला लावू नका. त्यात मालमत्ता क्रमांक असतो, बांधकामाचा प्रकार असतो (माती, विटा, कवेलू, स्लॅब वगैरे), क्षेत्रफळ असतं आणि दोन वेगळे रकाने असतात, एक मालकाच्या नावाचा आणि दुसरा भोगवटा करणाऱ्याचा. आपल्याकडे खूप घरांत मालकाच्या रकान्यात वारलेल्या आजोबांचं नाव आणि भोगवट्यात एकाच मुलाचं नाव असं दिसतं, आणि घर बांधणारा असतो तिसराच. असं असेल तर आधी वारसांची नोंद करून घ्या, बाकी भाऊ-बहिणी हक्क सोडत असतील तर हक्कसोडपत्र रजिस्टर करा. बहिणीला विचारायची काय गरज असं म्हणणारे पुष्कळ आहेत पण तिचा हक्क कायद्याने आहे, तिला विचारूनच पुढे जा.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, नमुना ८ हा टॅक्स आकारणीचा उतारा आहे, तेवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही. त्यासाठी खरेदीखत, वाटणीपत्र किंवा मिळकत पत्रिका लागते. २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली, त्यात ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन घरांना मिळकत पत्रिका आणि सनद मिळते. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख ऑफिसातून ती पत्रिका काढा आणि त्यावरचं क्षेत्र नमुना ८ शी जुळवून पाहा. जुळत नसेल किंवा हद्दीचा वाद असेल तर ई-मोजणीचा ऑनलाइन अर्ज करून सरकारी मोजणी लावा, पैसे लागतात, वेळ जातो, पण 'क' प्रत म्हणजे मोजणीचा सरकारी नकाशा हातात आली की इंजिनियर त्याच मापावर नकाशा काढतो आणि मग कोणी काही बोलू शकत नाही.

हे झालं आबादीतल्या प्लॉटचं. जागा सातबाऱ्यावरची म्हणजे शेताची असेल तर पटवाऱ्याकडे आधी विचारा की ती गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत येते का, कारण तेवढ्या पट्ट्यातल्या जमिनीला राहण्याच्या वापरासाठी अकृषिक म्हणजे बिगरशेती समजण्याची तरतूद जमीन महसूल कायद्याच्या कलम ४२-ड मध्ये होती, आता काय नियम आहे आणि नोंद कशी करायची ते तहसीलमधून विचारून घ्या. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ (म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही अशी जमीन) लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा, तो विषय आधी सोडवा. आणि गुंठ्या-गुंठ्याने स्टॅम्प पेपरवर विकलेले प्लॉट घेऊन त्यावर घर बांधू नका, कितीही स्वस्त मिळो. बँक लोन देत नाही आणि पुढे विकायलाही जड जातं.

आता परवानगी. गावाच्या हद्दीत बांधकाम करायचं तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायतीची परवानगी लागते हे जुनंच आहे. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनंतर, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, ग्रामविकास खात्याने २०२१ मध्ये सोपं करून दिलं. साधारण १६०० चौरस फुटापर्यंतचा प्लॉट असेल तर मालकीचा कागद, मोजणी किंवा लेआउटचा नकाशा, घराचा प्लॅन आणि प्लॅन नियमात बसतो असं लायसन्सवाल्या इंजिनियरचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत द्यायचं, फी भरायची आणि काम सुरू करायचं, वेगळ्या परवानगीसाठी थांबायचं नाही. १६०० ते ३२०० मध्ये ग्रामपंचायत कागद तपासून बांधकाम सुरू करायचं प्रमाणपत्र देते. त्याच्या वरच्या प्लॉटला मात्र नगररचना खात्याचा विषय येतो. अर्ज कुठलाही असो, दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का-सही-तारखेची पोच घ्या. ग्रामसेवक ओळखीचे आहेत म्हणून पोच मागायला लोक लाजतात, लाजायचं काही कारण नाही, उद्या त्यांची बदली झाली की तीच पोच कामी येते.

नकाशात इंजिनियरने काय काय दाखवलं हे तुम्ही स्वतः पाहा. प्लॉटची हद्द आणि चारही बाजूंची मापं, रस्ता कोणत्या बाजूला, उत्तर दिशा, सोडलेली जागा, प्रत्येक खोलीचं माप, जिना, संडासचा शोषखड्डा आणि विहीर किंवा बोअर. शोषखड्डा बोअरच्या जवळ दाखवला असेल तर तिथल्या तिथे बदलायला लावा.

खोल्यांचं म्हणाल तर शहरातल्या फ्लॅटचा नकाशा उचलून आणू नका. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते, त्या बाजूला झोपायची खोली ठेवली तर कुलर लावूनही झोप लागत नाही. पश्चिमेला जिना, न्हाणी, सामानाची खोली असं ठेवा. कुलरची खिडकी नकाशातच ठरवा, बाहेर कुलरच्या स्टँडला जागा आणि पाणी भरायला नळ, आणि समोरच्या बाजूने हवा निघायला दुसरी खिडकी, नाहीतर घरात नुसता दमटपणा होतो. कापूसवाल्यांनी कापसाची खोली वेगळी धराच. भाव वाढायची वाट पाहत कापूस महिनोन् महिने घरात पडून राहतो आणि लेकरं त्यावरच झोपतात, मग अंगाला खाज सुटते, हे घरोघरी चालू आहे. त्या खोलीला दरवाजा बाहेरून द्या म्हणजे बैलबंडी किंवा पिकअप थेट लागते. फवारणीचं औषध आणि पंप ठेवायला घराबाहेर, सांदवाडीकडे म्हणजे परसाकडे, कुलूप लागेल असं कपाट काढा, स्वयंपाकघराच्या आसपास अजिबात नको. समोर छपरी ठेवा, ती कमी करून हॉल मोठा करायचा मोह होतो पण पाहुणे, मजूर, तुरीच्या शेंगा तोडणं सगळं तिथेच होतं.

काळ्या मातीत पाया हा वेगळा खर्च धरा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो, नाहीतर दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात.

घरकुल असेल तर हिशोब वेगळा. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार, गडचिरोलीसारख्या भागात १ लाख ३० हजार, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि संडाससाठी १२ हजार. दुसऱ्या टप्प्यातल्या घरांना राज्याने २०२५ मध्ये आणखी ५० हजार जाहीर केले, त्यातले १५ हजार छतावरच्या सोलरसाठी. पात्र कोण, तर बेघर किंवा कच्चं घर असलेलं कुटुंब. अपात्र कोण, तर ज्यांच्याकडे ट्रॅक्टर किंवा चारचाकी आहे, किसान क्रेडिट कार्डची मर्यादा ५० हजार किंवा जास्त आहे, घरात सरकारी नोकरी आहे, कोणी महिन्याला १५ हजाराच्या वर कमावतं, इन्कम टॅक्स किंवा प्रोफेशनल टॅक्स भरतं, नोंदणी केलेला धंदा आहे, ओलीत अडीच एकर किंवा जास्त, किंवा कोरडवाहू ५ एकर किंवा जास्त शेती आहे. मोटरसायकल आणि फ्रिजची जुनी अट आता काढलेली आहे, तरी गावात अजून त्यावरून लोकांना परत पाठवतात, तेव्हा हे ठणकावून सांगा. अनुसूचित जातीसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी आणि ओबीसींसाठी मोदी आवास अशा राज्याच्या योजना वेगळ्या आहेत. जागाच नसेल तर पंडित दीनदयाल उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटापर्यंत जागा घ्यायला १ लाखापर्यंत मदत आहे.

कागद म्हणजे आधार, आधार जोडलेलं बँक पासबुक, जॉब कार्ड, रेशन कार्ड, जागेचा उतारा. आधार आणि पासबुकवरचं नाव एकच आहे का ते आधी पाहा, हप्ता तिथेच अडकतो. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. फोटो जागेवरून जिओटॅग होतात, त्यामुळे जुनी जागा दाखवून दुसरीकडे बांधायचं असं करू नका. पैसे टप्प्याटप्प्याने येतात, जोता, मग लिंटल, मग छत, म्हणून अनुदानाच्या भरवशावर पहिल्याच झटक्यात मोठा पाया खोदू नका. २६९ फुटाचंच काम पूर्ण करा पण पुढे वाढवायची दिशा आणि जिन्याची जागा नकाशात आजच सोडा. ५ ब्रास रेती घरकुलाला मोफत आहे, तिचा पास तहसीलमधून घ्या आणि पासशिवाय रेतीची गाडी अंगणात उतरवून घेऊ नका.

घर पूर्ण झालं की परत ग्रामपंचायतीत अर्ज करून नमुना ८ वर नवीन बांधकामाची नोंद करा, कवेलूच्या जागी स्लॅब, नवीन क्षेत्र आणि जमलं तर मालकाच्या रकान्यात नवरा-बायको दोघांचं नाव.