ई-रीडर की टॅबलेट? आधी पडद्याची स्मरणशक्ती समजून घ्या

पुस्तकं वाचायला ई-रीडर घ्यावा की टॅबलेट, असं विचारलं की एक उत्तर हमखास मिळतं: ई-रीडर घ्या, त्यातून निळा प्रकाश येत नाही, डोळे बिघडत नाहीत. या उत्तरात दोन चुका आहेत. आजच्या बहुतेक ई-रीडरना स्वतःचा दिवा असतो आणि त्यात पांढरे एलईडी असतातच, म्हणजे निळा प्रकाश तिथेही आहे. शिवाय पडद्यातून येणाऱ्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संघटना निळा प्रकाश गाळणारे चष्मे घ्या असं सांगत नाही, तरीही ते चष्मे जोरात खपतात. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः पापण्या कमी लवल्यामुळे. मिनिटाला साधारण पंधरा वेळा लवणारी पापणी एकटक वाचताना निम्म्याहून कमी वेळा लवते आणि हे कागदी पुस्तकातही होतं. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद वीसेक फूट लांब पाहणं हा उपाय फुकटचा आहे आणि दोन्ही उपकरणांना लागू पडतो.

मग फरक कशात आहे? ई-रीडरमधल्या ई-इंकच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शाईच्या, पडद्याला स्मरणशक्ती असते आणि टॅबलेटच्या पडद्याला नसते, यात. टॅबलेटवरचं पान सेकंदाला साठ किंवा अधिक वेळा नव्याने रंगवलं जातं. एलसीडी असेल तर मागे दिवा सतत जळतो आणि त्याचा बहुतांश प्रकाश मधल्या थरांतच जिरतो. वीज बंद, की पान नाहीसं. ई-इंकवर एकदा उमटलेलं पान वीज काढून घेतली तरी महिनोन्‌महिने तसंच राहतं. ही किमया नीट समजली की कुठलं उपकरण घ्यायचं ते बरंचसं आपोआप ठरतं.

ही शाई मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये जन्मली. जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांचं त्यावरचं संशोधन 1998 साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलं. सोनीने 2004 साली जपानमध्ये या पडद्याचा पहिला ई-रीडर विकायला काढला आणि 2007 साली ॲमेझॉनचं किंडल आलं.

पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या किंवा त्याहून बारीक पारदर्शक कुप्या दाटीने पसरलेल्या असतात. प्रत्येक कुपीत स्वच्छ तेल आणि त्यात दोन प्रकारचे कण. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच पदार्थ. काळे कण कार्बनचे, काजळीच्या जातीचे. पांढऱ्यांवर एक विद्युतभार, काळ्यांवर विरुद्ध. कुप्यांच्या वर पारदर्शक इलेक्ट्रोड (विजेचा दाब देणारा थर) आणि खाली प्रत्येक पिक्सेलला वेगळा. खालून एका दिशेने 15 व्होल्टचा दाब दिला की काळे कण वर येतात आणि पांढरे तळाशी जातात. दिशा उलटवली की उलट. दाब काढला की कण तेलात जिथल्या तिथे थांबतात. हीच ती स्मरणशक्ती. वीज लागते ती फक्त कण हलवायला, म्हणून लहानशा बॅटरीवर ई-रीडर आठवडे काढतो. दिवा आणि वायफाय सतत चालू ठेवलं तर मात्र हा हिशेब कोसळतो.

इथपर्यंत सोपं आहे. खरी गंमत करड्या रंगात आहे. अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून ई-इंक 16 छटा दाखवते. पण पडद्याला देता येतात ते दाब तीनच: अधिक 15, उणे 15 आणि शून्य. मग मधली छटा आणायची कशी? दाब किती वेळ द्यायचा, यावरून. कणांना अर्ध्या वाटेत सोडायचं. त्यासाठी नियंत्रक, म्हणजे पडदा चालवणारी चिप, सुमारे 12 मिलिसेकंदांचे ठोके मोजतो: इतके ठोके वर ढकल, इतके खाली ओढ, इतके थांब. या क्रमाला वेव्हफॉर्म म्हणतात. नवी छटा कुठली हवी एवढं कळून भागत नाही, आधीची कुठली होती तेही लागतं, कारण कण तिथूनच निघणार. आधीच्या 16 आणि नंतरच्या 16, म्हणजे 256 प्रवास, प्रत्येकाचं वेगळं वेळापत्रक. थंडीत तेल घट्ट होतं आणि कण रेंगाळतात, म्हणून प्रत्येक तापमानपट्ट्यासाठी अख्खा तक्ता पुन्हा वेगळा. गार जागी ई-रीडर मंद आणि धूसर वाटतो तो यामुळे. तो बिघडलेला नसतो.

आता यातली अडचण पाहा. कण प्रत्यक्षात कुठे पोचले हे नियंत्रकाला दिसत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस पावलं मोजत खोलीत फिरतो, तसं त्याचं चालतं. एखादं पाऊल तोकडं पडतं, एखादं लांब, आणि चुका साचत जातात. चार-सहा पानं उलटली की मागच्या पानाच्या अक्षरांची पुसट छाया नव्या पानावर दिसू लागते, हे घोस्टिंग. पट्टी बांधलेल्या माणसाने काय करावं? सरळ भिंतीपर्यंत जावं, हात टेकवावा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं. पूर्ण काळं आणि पूर्ण पांढरं या त्या दोन भिंती. पान उलटताना पडदा क्षणभर काळा-पांढरा लपकतो, तेव्हा लाखो पिक्सेल भिंतीला हात लावून परत येत असतात. हाच पूर्ण रिफ्रेश. शिवाय एका दिशेने दिलेल्या दाबाची बेरीज दुसऱ्या दिशेइतकीच राहावी लागते, नाहीतर कालांतराने पडदा खराब होतो. हा हिशेबही वेव्हफॉर्ममध्येच बसवलेला असतो.

सोळा छटांचं संपूर्ण पान बदलायला सुमारे अर्धा सेकंद लागतो. फक्त काळं-पांढरं वापरणारी जलद पद्धत हेच काम साधारण 120 मिलिसेकंदांत उरकते, पण छटा जातात आणि छाया वाढते. सेकंदाला साठ वेळा पान रंगवणाऱ्या टॅबलेटला एका चित्राला 17 मिलिसेकंद पुरतात.

म्हणून उपकरण निवडताना स्वतःला विचारायचा प्रश्न असा: मी वाचतो ते पान किती वेळ स्थिर राहतं? कादंबरी, चरित्र, कथासंग्रह यांचं एक पान मिनिटभर डोळ्यांसमोर असतं. तिथे अर्धा सेकंद कुणाला जाणवत नाही. ई-रीडर डोळे झाकून घ्यावा. पाठ्यपुस्तक, कोश, आकृत्या आणि तळटीपांचं पुस्तक यांत सारखं पुढे-मागे जावं लागतं, झूम करावं लागतं, बोटाने पान सरकवावं लागतं. यातली प्रत्येक हालचाल म्हणजे पूर्ण पडद्याचा नवा प्रवास. तिथे टॅबलेटच हवा.

पीडीएफचा हिशेब आणखी कडक आहे. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइलमधला मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो, पीडीएफचं पान ठोकून बसवलेलं असतं. ए-4 पान 210 मिलिमीटर रुंद. सहा इंची ई-रीडरचा पडदा जेमतेम 91. म्हणजे 12 पॉइंटचं अक्षर पाच पॉइंटचं होतं. देवनागरीत तर त्या आकाराला अनुस्वार, रफार आणि पायमोडकी जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. 10.3 इंची ई-इंकवर तेच अक्षर नऊ पॉइंटचं होतं, समास कापले तर आणखी मोठं. 13.3 इंचावर ए-4 जवळजवळ मूळ आकारात बसतं. स्कॅन केलेली जुनी पुस्तकं मूळ छापील आकारात लहान असतात, त्यामुळे दहा इंच त्यांना सहसा पुरतात.

पीडीएफचं ईपब करून घेऊ, असं वाटत असेल तर आधी एक चाचणी करा. संगणकावर त्या पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून साध्या मजकूर-फाइलमध्ये चिकटवा. मराठी ओळ जशीच्या तशी आली तर कॅलिबर या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरमध्ये रूपांतर जमेल. इंग्रजी अक्षरांचा काला आला तर ते पुस्तक बहुधा युनिकोडपूर्व, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेलं आहे आणि थेट रूपांतराचा उपयोग नाही. ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षरावर बसल्या असतील तर हाताने दुरुस्तीची तयारी ठेवा.

उजेडाबद्दल. पडणारा प्रकाश लक्समध्ये मोजतात आणि पानाचा उजळपणा निटांमध्ये. भर उन्हात जमिनीवर सुमारे 1,00,000 लक्स प्रकाश पडतो. ई-इंक त्यातला साधारण 40 टक्के परतवते, म्हणजे तिचं पान बारा हजार निटांच्या घरात उजळतं. टॅबलेट बिचारा 500 निटांवर धापा टाकतो. घरात संध्याकाळी 100 लक्स असतील तर चित्र उलटं: ई-इंकचं पान तेरा निटांपर्यंत घसरतं आणि करडं, मळकट दिसतं. पांढरा कागद 80 टक्के प्रकाश परतवतो, त्यामुळे शेजारी धरलेलं छापील पुस्तक दुप्पट उजळ भासतं. म्हणून ई-रीडरचा दिवा दिवसाही थोडा लावून ठेवावा. तो मागे नसतो. कडेला बसवलेल्या एलईडींचा प्रकाश वरच्या पातळ थरातून खाली शाईवर सोडला जातो.

टॅबलेटवर डोळे थकतात त्याचं मोठं कारण म्हणजे अंधाऱ्या खोलीत पूर्ण तेजावर ठेवलेला पडदा. पडद्याशेजारी कोरा पांढरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा वाटला तर तेज उतरवा, करडा वाटला तर वाढवा, दोन्ही सारखे दिसले की थांबा. ओएलईडी (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा) पडदा असेल तर एक खबरदारी: असे अनेक पडदे कमी तेजावर सेकंदाला काहीशे वेळा उघडझाप करून मंद होतात आणि काहींचं डोकं त्याने दुखतं. अशांनी तेज मध्यम ठेवून खोलीतला दिवाच वाढवावा.

रंगीत ई-इंककडून फार अपेक्षा ठेवू नका. कॅलिडो 3 जातीच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या शाईवर रंगीत गाळणी बसवलेली असते. मजकूर इंचाला 300 ठिपक्यांचा, रंग मात्र 150 चे, आणि गाळणी प्रकाश खाते म्हणून पांढरं पान आणखी करडं. नकाशातले पट्टे आणि अधोरेखनं ओळखता येतात. चित्रकलेच्या पुस्तकाला ते पुरत नाही.

ई-रीडर घेतलाच तर पहिल्या दिवशी तीन गोष्टी करा. अक्षराची जाडी एक-दोन पायऱ्या वाढवा, कारण बारीक रेषा करड्या छटांत विरघळतात. ओळींतलं अंतर सैल ठेवा, वरच्या मात्रा आणि खालचे उकार भिडता कामा नयेत. आणि चित्रं असलेल्या पुस्तकासाठी प्रत्येक पानाला पूर्ण रिफ्रेश लावा, नुसत्या मजकुराला सहा-आठ पानांनी एकदा पुरतो.

जपायचं ते काचेला. बऱ्याच ई-रीडरमध्ये वर प्लॅस्टिक असतं आणि शाईच्या मागे ट्रान्झिस्टरांची अतिशय पातळ काच. पिशवीत वजनाखाली दाब पडला की ती आतच तडकते आणि वरून ओरखडाही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पडद्याच्या एका कोपऱ्यात जुन्या पानाचा तुकडा अडकून बसलेला दिसतो आणि कितीही रिफ्रेश केलं तरी पुसला जात नाही: तिथल्या कणांना हलायचा हुकूम पोचतच नसतो. पडदा बदलणं बहुधा परवडत नाही. कडक पुठ्ठ्याचं, पडद्याची बाजूही झाकणारं कव्हर उपकरणाबरोबरच घ्या.