ईस्ट मीऑनचं काळं कुंड: हा दगड तिथला नाहीच

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशायरमध्ये ईस्ट मीऑन नावाचं गाव आहे, तिथल्या ऑल सेंट्स चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मात घेताना पाण्याने जो विधी करतात त्याचं, एक चौकोनी दगडी कुंड आहे, बाराव्या शतकातलं. लोक बघायला जातात ते त्यावरच्या कोरीवकामासाठी, आणि ते आहेच तसं. एका बाजूला आदाम आणि हव्वेची निर्मिती, मग साप, मग ते फळ. दुसऱ्या बाजूला दोघांची एदेन बागेतून हकालपट्टी, आणि त्याच्या पुढचं चित्र मला सगळ्यात जास्त आवडतं, देवदूत आदामला जमीन कशी खणायची ते शिकवतोय आणि बाजूला हव्वा सूत काततेय. शिक्षा तर झाली, पण पोट भरायची विद्याही सोबत दिली, हे त्या कारागिराला दाखवावंसं वाटलं हे किती छान आहे!

पण मला सांगायचंय ते त्या दगडाबद्दल, कारण चित्रांवर भरपूर लिहिलं जातं आणि दगड मात्र मागे राहतो.

ईस्ट मीऑनच्या आजूबाजूला टेकड्या आहेत त्या खडूच्या, म्हणजे पांढऱ्या मऊ चुनखडीच्या, आणि त्यात मिळते ती गारगोटी. खडू कोरायला सोपा पण टिकत नाही, गारगोटी टिकते पण फुटते वेडीवाकडी, त्यात माणसाचा चेहरा कोरणं शक्यच नाही. मग हा काळा, गुळगुळीत, बारीक कणांचा दगड आला कुठून? तर आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने शहरातून, समुद्र ओलांडून. तूर्नेच्या खाणी शेल्ट नदीच्या काठाला आहेत, त्यामुळे दगड होडीत चढवला की नदीने समुद्रापर्यंत, तिथून खाडी ओलांडून इंग्लंडचा किनारा, फक्त शेवटचा टप्पा जमिनीवरून. त्या काळात जड माल न्यायचा तर पाण्यासारखा स्वस्त रस्ता नव्हता. अशी तूर्नेची कुंडं इंग्लंडमध्ये मोजकीच आहेत आणि त्यातली चार एकट्या हॅम्पशायरमध्ये, विंचेस्टर कॅथेड्रल, ईस्ट मीऑन, सेंट मेरी बोर्न आणि साउदॅम्प्टनचं सेंट मायकल्स. ईस्ट मीऑनची जहागीर विंचेस्टरच्या बिशपकडे होती, आणि ११२९ ते ११७१ या काळात बिशप होता हेन्री ऑफ ब्लॉइस, इंग्लंडचा राजा स्टीफन याचा सख्खा भाऊ, गडगंज श्रीमंत आणि कलेचा शौकीन, म्हणून बरेच अभ्यासक ही कुंडं त्याच्याशी जोडतात.

लोक याला तूर्नेचा संगमरवर म्हणतात, पण भूगर्भशास्त्राच्या हिशोबात हा चुनखडक आहे. संगमरवर व्हायला खडकाला जमिनीखाली उष्णता आणि दाब सोसून नव्याने स्फटिक बनवावे लागतात, इथे तसं काही झालेलं नाही, फक्त पॉलिश उत्तम चढतं एवढंच. दिसायला तो आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणासारखा वाटेल, पण आपला बेसॉल्ट लाव्हारसातून आला आणि हा साधारण ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळाशी साचत गेला, शिंपल्यांचा चुरा, समुद्री लिलींचे (या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यांचे) तुकडे आणि बारीक गाळ. त्या गाळातल्या मेलेल्या जीवांचा कार्बन ऑक्सिजन न मिळाल्याने कुजून गेला नाही, तिथेच अडकला, म्हणून रंग काळा. सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब टाकला तर चुनखडक फसफसतो, बेसॉल्ट ढिम्म राहतो. अर्थात आठशे वर्षं जुन्या कुंडावर अ‍ॅसिड कोणी टाकत नाही, आधीच निखळलेला कण मिळाला तर त्याचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करून मायक्रोस्कोपखाली बघतात, त्यातल्या जीवाश्मांवरून खाणीचा अंदाज येतो.

आता काठाकडे या. इंग्लंडमधल्या कुठल्याही जुन्या कुंडाच्या वरच्या काठावर हात फिरवून बघा, बऱ्याचदा समोरासमोर दोन ठिकाणी दगड तुटलेला किंवा नवीन तुकडा बसवलेला सापडतो. कारण असं की आशीर्वाद दिलेलं पाणी कुंडातच साठवून ठेवायचे आणि लोक ते जादूटोण्यासाठी चोरून न्यायचे, म्हणून १२३६ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी कुंडांना कुलूप हवंच असा नियम केला. मग लाकडी झाकण, आणि ते अडकवायला काठात भोक पाडून लोखंडी कड्या, त्या वितळलेलं शिसं ओतून पक्क्या केलेल्या. चर्चमधली दमट हवा, लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून दगडाला तडा देतो. काही ठिकाणी तर पुढे कड्या सरळ उपटून काढल्या, तेव्हा कपचेच निघाले. मला हे तुटलेले काठ कोरीवकामाइतकेच मोलाचे वाटतात, कारण शिल्पकाराने काय ठरवलं ते कोरीवकामात दिसतं आणि गावाने त्या कुंडाचं काय केलं ते इथे.

आतून शिशाचा पत्रा मारलेला असतो त्यालाही कारण आहे. बहुतेक दगडांत पाणी मुरतं, आणि पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असल्याने ते किंचित आम्लधर्मी असतं, चुनखडक हळूहळू खातं. तळाला भोक ठेवून वापरलेलं पाणी थेट खालच्या जमिनीत सोडायचे, ते पवित्र असल्यामुळे गटारात टाकायचं नाही. पण पत्रा फाटला की ओल दगडात शिरते, खालून जमिनीची ओलही चढते, दोन्हीबरोबर विरघळलेले क्षार येतात, पाणी उडून जातं आणि क्षारांचे स्फटिक पृष्ठभागाच्या आत वाढत दगडाचे पापुद्रे काढतात. त्यात चर्चमध्ये हीटिंग आलं, रविवारी गरम, बाकी आठवडा गार, म्हणजे क्षार विरघळायचं आणि पुन्हा स्फटिक व्हायचं चक्र सारखं चालू.

पूर्वी असे तडे सिमेंटने बुजवायचे आणि त्याने नुकसान वाढलं, कारण सिमेंट मूळ दगडापेक्षा कडक, ओल बाहेर पडू देत नाही आणि स्वतःचे क्षार आणतं ते वेगळेच. आता दुरुस्ती चुन्याच्या गिलाव्याने करतात, तो मुद्दाम दगडापेक्षा मऊ ठेवतात, म्हणजे ओल आणि क्षार त्यातून बाहेर पडतात, खराब झालाच तर गिलावा खराब होतो, दगड नाही, आणि तो खरवडून नवा भरता येतो.