विश्रामबाग वाडा (पुणे)

विश्रामबाग वाडा हा दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा राहता वाडा. तुळशीबागेजवळ, बाजीराव रोडला लागूनच आहे. आता आत पुणे शहराच्या इतिहासाचं छोटं म्युझियम आहे. त्याआधी इथे पाठशाळा, कॉलेज, सरकारी कचेऱ्या, महापालिका, पोस्ट असं काय काय होऊन गेलं, आणि खरं तर म्हणूनच वाडा टिकला.

1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणं जिंकलं तेव्हा बाजीराव पळून वसईला गेला, इंग्रजांशी तह केला आणि 1803 मध्ये त्यांच्याच फौजेच्या जोरावर परत गादीवर बसला. त्यानंतर हा वाडा बांधायला घेतला आणि साधारण 1808 च्या सुमारास तो पूर्ण झाला, खर्च दोन लाख रुपयांच्या आसपास सांगतात. शनिवारवाडा असताना हा खर्च कशाला? तर नारायणरावाचा खून तिथेच झालेला, त्याचा आळ बाजीरावाच्या वडिलांवर म्हणजे राघोबादादांवर, म्हणून त्याला तिथे राहणं नको वाटायचं असं लोक बोलतात. खरं खोटं काहीही असो, पेशवाईची शेवटची वर्षं तो जास्त करून इथेच राहिला. तटबुरूज नाहीत, नुसता आरामात राहायचा वाडा, नावातच आलं सगळं.

बांधकाम वीट आणि लाकडाचं, तीन चौक. सगळ्यात बघण्यासारखं म्हणजे दर्शनी बाजूची लाकडी मेघडंबरी, रस्त्यावर पुढे आलेला कोरीव सज्जाच तो. आत सुरूदार खांब (खाली फुगीर आणि वर निमुळते होत गेलेले), महिरपी आणि केळफुलाची नक्षी. पेशवाईतलं लाकूडकाम पुण्यात एवढं जवळून बघायला फार ठिकाणी मिळत नाही, त्यामुळे घाईघाईत दार ओलांडू नये, आधी खाली उभं राहून मान वर करून नीट बघावं.

1817 ला खडकीची लढाई हरल्यावर बाजीराव पुण्यातून गेला तो गेलाच, पुढच्या वर्षी इंग्रजांना शरण आला आणि पेन्शन घेऊन बिठूरला जाऊन राहिला. पेशवे ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटायचे त्या पैशातला काही भाग बाजूला काढून इंग्रजांनी 1821 मध्ये याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली, सुरुवातीला प्रवेश फक्त ब्राह्मण मुलांना. पुढे 1851 मध्ये ती इंग्रजी शाळेत मिसळून पूना कॉलेज झालं, त्याचंच नंतर डेक्कन कॉलेज. म्हणजे डेक्कन कॉलेजचं मूळ येरवड्यात नाही, इथे आहे, हे पुण्यातल्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मे 1879 मध्ये विश्रामबाग आणि बुधवारवाडा (पेशव्यांचाच आणखी एक वाडा) दोन्हीकडे आग लागली. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड तेव्हा ऐन भरात होतं, त्यामुळे पहिला संशय त्यांच्याच माणसांवर गेला, पण तपासात निघालं भलतंच, सरकारी बुक डेपोतल्या एका नोकराने पैशाची अफरातफर लपवायला आग लावलेली. बुधवारवाडा संपला. विश्रामबागेचा पूर्वेकडचा दर्शनी भाग जळाला, पण लोकवर्गणी आणि नगरपालिकेची मदत मिळून तो परत उभा केला. शनिवारवाडा तर त्याच्या कितीतरी आधी 1828 मध्येच जळालेला, तिथे आता तट आणि जोती तेवढी शिल्लक आहेत.

विसाव्या शतकात बरीच वर्षं नगरपालिकेचा आणि मग महापालिकेचा कारभार इथूनच चालला, पोस्ट ऑफिसही होतं. कचेऱ्यांनी आत पार्टिशनं घालून बरीच वाट लावली हे खरं, पण माणसांची ये-जा राहिली आणि छप्पर गळलं तर कोणीतरी दुरुस्त करत राहिलं. नंतर महापालिकेने जतनाचं काम काढून 'पुनवडी ते पुण्यनगरी' हे कायमचं प्रदर्शन मांडलं, लहान वस्तीपासून शहर कसं वाढत गेलं त्याचं. जुन्या वस्तूंची रेलचेल बघायची असेल तर त्यासाठी जवळच केळकर म्युझियम आहे, इथे जास्त करून फोटो आणि माहितीचे फलक, आणि बघायची मुख्य वस्तू म्हणजे वाडाच.