उडीबाज बेडूक (रॅनिक्सॅलिडी कुल)

डोंगरउतारावरचे थंड ओहोळ, पाझरते कातळ आणि त्यांच्या कडेचा पालापाचोळा येथे राहणाऱ्या बेडकांचे एक कुल. भारताबाहेर ते कुठेही आढळत नाही. भारतातही त्याचे मुख्य घर पश्चिम घाटच. इंडिराना आणि वॉकराना अशा दोनच प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट) त्यात येतात. वॉकराना २०१६ मध्ये वेगळी काढण्यात आली, ती केरळ-तमिळनाडूच्या बाजूची. गोव्यात भेटतो तो इंडिराना. नाव ऐकून इंदिरा आठवली तरी तिचा येथे संबंध नाही. ‘इंडिया’ आणि बेडकाचे लॅटिन नाव ‘राना’ यांची ती जोडणी आहे.

हे बेडूक दिसायला साधेच. बहुतेक पाच सेंटीमीटरच्या आतले, तपकिरी, पाठीवर उभ्या वळ्या, बोटांच्या टोकांना चकत्या. वाळक्या पानांत बसलेला बेडूक पाय पडेपर्यंत दिसत नाही, मग टुणकन लांब उडी घेतो.

खरे नवल त्यांच्या भैकेरांचे, म्हणजे शेपटीवाल्या पिल्लांचे. बेडकाचे पिल्लू म्हटले की डबके डोळ्यांपुढे येते. ही पिल्ले मात्र पाण्यात पोहतच नाहीत. पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या उभ्या दरडीवरून पाण्याचा पातळ पापुद्रा सरकत असतो. रात्री तेथे बॅटरीचा उजेड टाकला, तर दगडाला पोट चिकटवून शेवाळ खरवडणारी चपटी, बटबटीत डोळ्यांची पिल्ले दिसतात. शेपटी लांब व बळकट, तिचे पडदे आखूड. मागचे पाय इतर बेडकांच्या पिल्लांपेक्षा फार लवकर फुटतात. बोट जवळ नेले की शेपटीच्या व पायांच्या झटक्यासरशी ती दगडावरून उडी मारून पसार होतात.

गोव्याच्या सांगे तालुक्यातील नेत्रावळी अभयारण्य (सुमारे २११ चौ. किमी.) हे या कुलातील ‘इंडिराना साळेलकरी’ या जातीचे मूळ ठिकाण. पुण्याच्या संशोधकांनी २०१५ मध्ये तिचे वर्णन केले आणि गोवा वन खात्यातील एका अधिकाऱ्याच्या आडनावावरून तिला नाव दिले.

‘जंपिंग चिकन’ म्हणून गोव्यात चोरून मारले जातात ते शेताडीतले मोठे बेडूक. उडीबाजाच्या अंगावर तेवढे मांसच नाही. त्याचा घात होतो तो पाझर तुटला की. रस्त्यालगतच्या ओल्या दरडीला सिमेंटचा गिलावा बसला, तर पाणी आतल्या आत वळते आणि पिल्लांना चरायला दगड उरत नाही.