जपानी माणूस ‘धर्म नाही’ म्हणतो तेव्हा

दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी मला तो नकाशा पाठवतं. देश रंगवलेले, जपान गडद रंगात, आणि खाली ओळ: ‘जपानमध्ये ६२ टक्के लोक नास्तिक’. पाठवणारा पुरोगामी असेल तर जोडीला ‘म्हणूनच तिथल्या गाड्या वेळेवर धावतात’. पाठवणारा दुसऱ्या गोटातला असेल तर आठवड्याभरात उलटा फॉरवर्ड येतो, की जपानी लोक सरस्वती आणि गणपती पूजतात, आपणच करंटे. मी पुण्यात जपानी शिकवतो, अनुवाद करतो, त्यामुळे दोन्ही फॉरवर्ड ‘सर, हे खरं आहे का हो?’ या प्रश्नासकट माझ्याच दारात येऊन पडतात. एकदाच नीट लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

आधी तो ६२चा आकडा. २०१२ साली विन-गॅलप या संस्थेनं ५७ देशांत विचारलं होतं: प्रार्थनास्थळी जात असा वा नसा, तुम्ही स्वतःला धार्मिक म्हणाल, धार्मिक नाही असं म्हणाल, की पक्के नास्तिक म्हणाल? जपानमध्ये १६ टक्के धार्मिक, ३१ टक्के धार्मिक नाही, ३१ टक्के पक्के नास्तिक, आणि २३ टक्के ‘सांगता येत नाही’. नकाशावाल्यांनी मधले दोन ३१ एकत्र केले आणि वर एकच पाटी लावली. ‘मी फार धार्मिक नाही’ म्हणणारा आणि ‘देव नाहीच’ म्हणणारा एका गोणीत. आणि तो जवळपास चौथा हिस्सा, ज्याला तीनही पर्यायांत आपण कुठे दिसलोच नाही, तो नकाशावर कुठेच नाही. खरं तर मला त्याचंच सगळ्यात जास्त कुतूहल आहे.

नास्तिक म्हणजे कोण, हे मराठी वाचकाला समजावत बसायला नको. चार्वाकाचं नाव आपण शाळेपासून ऐकतो आणि प्रत्येक घरात एक काका असतो जो सत्यनारायणाच्या प्रसादाला हात लावत नाही. (वेद न मानणारा तो नास्तिक, ही जुनी व्याख्या मला ठाऊक आहे. तो वाद आत्ता नको.) त्या काकाची एक भूमिका असते. विचार करून घेतलेली, जेवणाच्या पंगतीत लढवलेली. जपानीत याला शब्द आहे, ‘मुशिनरोन’, म्हणजे देव नाही असं मानणारा सिद्धान्त. शब्द जड आहे, पुस्तकातला. इतक्या वर्षांत गप्पांच्या ओघात कोणाही जपानी माणसाच्या तोंडून स्वतःबद्दल तो मी क्वचितच ऐकला असेल.

ऐकू येतो तो दुसरा शब्द, ‘मुशूक्यो’. मु म्हणजे नाही, शूक्यो म्हणजे धर्म. शब्दकोश उघडणाऱ्यानं ‘निधर्मी’ असं लिहिलं की संपलं, आणि घोळ नेमका तिथूनच सुरू होतो. कारण यातला ‘शूक्यो’ म्हणजे आपण ज्याला सैलपणे धर्म म्हणतो ते नव्हेच.

हा शब्द आजच्या अर्थानं रुळला तो मेइजी काळात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पाश्चात्त्य देशांशी करार करायचे होते, त्यांच्या मसुद्यांत ‘रिलिजन’ होता आणि त्याला प्रतिशब्द हवा होता. बौद्ध ग्रंथांतला एक जुना जोडशब्द उचलून तिथे बसवला. डोळ्यांसमोर नमुना होता ख्रिस्ती धर्माचा, म्हणजे संस्थापक आहे, ग्रंथ आहे, सभासद आहेत, ‘मी मानतो’ असं म्हणून आत शिरावं लागतं. पुढे सरकारनंच भूमिका घेतली की शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ देवपरंपरेची, देवळं ही शूक्यो नव्हेतच, ती राष्ट्राच्या आचाराचा भाग. १९०० साली गृहखात्यात देवळांचा विभाग वेगळा आणि धर्मांचा वेगळा झाला. देवळात वाकणं हे धर्मात मोडत नाही, हे सरकारी कागदावर आलं. १९४५च्या डिसेंबरात अमेरिकी ताब्यातल्या जपानमध्ये शिंतो आणि सरकार यांची फारकत झाली, पण शब्दाला बसलेला आकार तसाच राहिला.

आपल्याकडेही ‘धर्म’ या शब्दावर इंग्रजी राजवटीत हाच ‘रिलिजन’ येऊन बसला. फरक असा, की आपला शब्द आधीपासून ऐसपैस होता. शेजारधर्म, राजधर्म, पावसाचा धर्म, सगळं त्यात मावत होतं आणि अजून मावतं. जपानी शब्दाला तसं अंगण मिळालं नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, ‘मुशूक्यो’चं भाषांतर ‘निधर्मी’ करू नका, ‘नास्तिक’ तर मुळीच नको. मनातल्या मनात असं वाचा: ‘मी माळकरी नाही. अनुग्रह घेतलेला नाही. कुठल्या बैठकीला जात नाही.’ आता हा प्रश्न सदाशिव पेठेत किंवा साताऱ्यात विचारून पाहा. तुम्ही कोणत्या संप्रदायाचे? बहुतेक माणसं ‘छे, तसलं काही नाही’ म्हणतील. म्हणतील, आणि भाद्रपदात गणपती आणतील, नवी गाडी घेतली की लिंबू ठेवतील, पितृपक्षात पान वाढतील. त्यांना नास्तिक म्हणायची तुमची हिंमत होईल का?

सर्वेक्षणं वाचताना हा फरक हाताशी ठेवला की एरवी एकमेकांची डोकी फोडणारे आकडे शहाण्यासारखे शेजारी बसतात. जपानची सांख्यिकी गणित संस्था १९५३पासून दर पाच वर्षांनी ‘जपानी लोकांचा स्वभाव’ तपासते. (अशी चिकाटी आपल्याकडे कोणी दाखवली असती तर किती बरं झालं असतं.) २०१३च्या फेरीत ‘तुमची काही श्रद्धा-उपासना आहे का?’ याला २८ टक्के हो म्हणाले, ७२ टक्के नाही. नकाशावाले इथेच थांबतात. पण त्याच प्रश्नावलीत पुढे विचारलंय की प्रस्थापित धर्म बाजूला ठेवा, ‘धार्मिक मन’ ही गोष्ट मोलाची वाटते का? तिथे दोन तृतीयांश लोक हो म्हणतात. म्हणजे ‘श्रद्धा नाही’ म्हणणाऱ्यांतलेच पुष्कळसे.

एनएचके ही तिथली सार्वजनिक प्रसारण संस्था. तिच्या २०१८च्या पाहणीत कोणता धर्म मानता, याला ६२ टक्क्यांनी ‘कोणताच नाही’ म्हटलं, ३१ टक्क्यांनी बौद्ध आणि शिंतो म्हणणारे निघाले अवघे ३ टक्के. आता सरकारच्या सांस्कृतिक व्यवहार विभागाचं धर्मविषयक वार्षिक उघडा. त्याच सुमाराला शिंतोचे अनुयायी साडेआठ कोटींच्या वर, बौद्धही जवळपास तेवढेच, आणि सगळ्या धर्मांची बेरीज १८ कोटींच्या पुढे. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेबारा कोटींच्या आसपास. यात कोणी खोटं बोलत नाही. वार्षिकातले आकडे देवळांनी आणि मठांनी कळवलेले असतात. देऊळ आपल्या हद्दीत राहणाऱ्या सगळ्यांना आपलं मानतं, जसा गावदेव गावातल्या प्रत्येकाचा, तुम्ही त्याला विचारा न विचारा. मठ आपल्याकडे नोंदलेली घराणी मोजतो. सतराव्या शतकात, ख्रिस्ती नाही हे दाखवण्यासाठी प्रत्येक घराला एखाद्या बौद्ध मठात नाव घालावं लागे. ते नातं पुढे श्राद्ध-स्मशानाच्या निमित्तानं टिकलं. त्यामुळे एकच माणूस देवळाच्या वहीत एकदा, मठाच्या वहीत एकदा, आणि पाहणीवाला दारात आला की ‘कोणताच नाही’.

या बाबतीत मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो तो ओसाका वाणिज्य विद्यापीठाच्या सामाजिक पाहणीतला प्रश्न. तिथे उत्तरं तीन आहेत: धर्म मानतो, मानत नाही, आणि ‘मी स्वतः विशेष मानत नाही, पण घराचा धर्म आहे’. हा तिसरा पर्याय ज्यानं घातला त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. आपल्याकडेही जनगणनेत हा रकाना ठेवला तर कितीजण हळूच तिथे खूण करतील!

आणि हेही बघा. प्यू या अमेरिकी संस्थेच्या २०२४च्या अहवालात ‘कोणताच धर्म नाही’ म्हणणारे जपानी ४२ टक्क्यांच्या आसपास आहेत. ७२, ६२, ४२. दहा-बारा वर्षांत देश इतका हेलकावला का? नाही. पहिल्यानं श्रद्धा विचारली, दुसऱ्यानं ‘कोणता धर्म मानता’, तिसऱ्यानं ‘तुमचा धर्म कोणता’ विचारलं. या शेवटच्या प्रश्नाला माणूस घराण्याचा मठ आठवून ‘बौद्ध’ म्हणून जातो. त्याच प्यूच्या पाहणीत दहातले सात जपानी म्हणाले की गेल्या वर्षभरात आम्ही पूर्वजांना पाणी, अन्न असं काहीतरी ठेवलं. टक्केवारी सांगणाऱ्यानं प्रश्नाचे शब्द सांगितले नाहीत तर मी ती ऐकूनच घेत नाही, हा माझा जुना हट्ट आहे.

याचं सगळ्यात मजेदार उदाहरण परलोकाचं. एनएचकेच्या पाहणीत एक यादी हातात देतात. कामी (म्हणजे शिंतो देव), बुद्ध, परलोक, चमत्कार, ताईत-अंगारे, ज्योतिष. यातलं जे जे मानता त्यावर खूण करा. तिथे परलोकावर खूण करणारे दहात एकाच्या आसपास. सांख्यिकी संस्था मात्र थेट विचारते: परलोक आहे असं वाटतं का? १९५८ साली २० टक्के हो म्हणाले होते, २०१३ साली सुमारे ४० टक्के. यादीतून स्वतः होऊन उचलण्याइतका तो कोणाला महत्त्वाचा वाटत नाही, पण तोंडावर विचारलं तर ‘असेल बुवा’. शिवाय याच मधल्या काळात ‘श्रद्धा आहे’ म्हणणारे कमी झाले आणि परलोक मानणारे दुप्पट. नास्तिकतेकडे वाटचाल असं नाव या आलेखाला कसं द्यायचं, हे नकाशावाल्यांनी मला सांगावं.

आचाराचं काय? एनएचकेच्याच २०१८च्या पाहणीत दहात सातजण वर्षातून एक-दोनदा घरच्या थडग्यावर जातात. दहात तीनजण ताईत, म्हणजे ओमामोरी, जवळ बाळगतात. यादीतलं काहीच करत नाही असं म्हणणारे जेमतेम १२ टक्के. नवीन वर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत तोक्योच्या एकट्या मेइजी देवळात तीसेक लाख माणसं जाऊन येतात. यांना विचारा, उत्तर मुशूक्यो.

हे फक्त लोकांचंच नाही, न्यायालयाचंही तसंच. मिए प्रांतातल्या त्सु शहराच्या पालिकेनं १९६५ साली व्यायामशाळेचं भूमिपूजन शिंतो पुजारी बोलावून केलं, खर्च पालिकेचा. संविधानात धर्म आणि शासन वेगळे, म्हणून खटला झाला. उच्च न्यायालयानं पालिकेला चूक ठरवलं, पण १९७७ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हा समारंभ मुख्यतः ऐहिक रूढीचा भाग आहे. सगळ्या न्यायमूर्तींना हे पटलं नव्हतं आणि मलाही ते पूर्ण पटत नाही. पण पायाभरणीला पुजारी आणि तरी धर्म नाही, ही तिथली सर्वसाधारण समजूत त्या निकालात स्वच्छ उमटली आहे.

शूक्यो या शब्दाला वास येऊ लागला त्याला आणखी एक कारण आहे. २० मार्च १९९५ला ओम शिनरिक्यो पंथानं तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला. जुलै २०२२मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या माणसाचा राग होता तो त्याच्या आईला कफल्लक करणाऱ्या युनिफिकेशन चर्च या पंथावर. अशा देशात अनोळखी माणूस दारात येऊन ‘तुमचा धर्म आहे का?’ विचारतो तेव्हा ‘नाही’ या उत्तरात ‘मी तसल्या भानगडीतला नाही हो’ हाही अर्थ असतो. आकड्यात तो दिसत नाही.

आता दुसऱ्या गोटासाठी. वरचं सगळं वाचून ‘म्हणजे मनातून ते श्रद्धाळूच’ असा निष्कर्ष काढलात तर तीच चूक उलट्या बाजूनं केलीत. थडग्यावर पाणी घालणाऱ्याला आजोबा तिथे आहेत असं वाटतंच असं नाही. बरेचदा ‘आईला बरं वाटतं’ एवढंच असतं. बेन्झाइतेन मुळात सरस्वती आणि कांगितेन मुळात गणपती हे खरं आहे, बौद्ध धर्माबरोबर ते चीनमार्गे गेले. पण तोक्योच्या असाकुसात कांगितेनला मुळा वाहणाऱ्या आजींना तुम्ही ‘हा आमचा बाप्पा’ म्हणालात तर त्या हसून मान डोलावतील, कारण त्या सभ्य आहेत. त्याला हिंदू धर्माची पताका समजू नका.

उरलेले भेद किरकोळ. अज्ञेयवादी वेगळा, धर्मनिरपेक्ष राज्य वेगळं, हे शाळेतलं आहे.

भारतात येणाऱ्या जपानी इंजिनिअरांचे कागद मी अधूनमधून भरून देतो. आपल्या व्हिसाच्या अर्जात धर्माचा रकाना असतो, आणि तिथे आले की सगळे अडखळतात. मागे एकानं विचारलं, ‘सेन्सेइ, मी मुशूक्यो आहे, काय लिहू?’ मी म्हटलं, आजी गेल्या तेव्हा कोण आलं होतं? म्हणाला, आमच्या मठातले भिक्षू. मग बौद्ध लिहा. त्यानं लिहिलं. मग अर्ज पुन्हा पुढे ओढून थोडा वेळ त्या रकान्याकडे बघत बसला आणि म्हणाला, ‘हे खोटं तर होत नाही ना?’ त्याच्या बॅगेच्या चेनला नारिता-सान या बौद्ध मठाचा लाल ओमामोरी लटकत होता, प्रवास सुखरूप व्हावा म्हणून आईनं दिलेला.